पायरीशी माझा संबंध

मी मूळची रहिमतपूरची. शाळेचं तोंड बघितलं न्हाई, पाठची भावंडं सांभाळण्यात ती वर्षं गेली, आणि लग्न होऊन साताऱ्यात आले. आमचे मालक पेठेत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. दुकान शेठचं, पायरी शेठची, नावं घालायच्या मशीनची वायर पण शेठच्याच बोर्डातनं, आपलं म्हणाल तर हात तेवढे. मालक गेले तवा पोरगी माझ्या कडेवर व्हती. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी थोरले शेठ घरी आले, म्हणले पायरी मोकळी हाय, येणार असशील तर ये. मी म्हणलं मला लिहायला येत न्हाई. ते म्हणले रांगोळी काढता येती न्हवं.

तर तसंच केलं बघा. गिऱ्हाईक चिठ्ठी लिहून द्यायचं, मी चिठ्ठीवर दिसंल तसं भांड्यावर उतरवायची, एक वळण सोडायची न्हाई. आणि काय सांगू तुमाला ताई, एकदा लग्नातल्या तांब्याच्या घागरीची चिठ्ठी आली, मी सगळी उतरवली, नवरीचं नाव, बापाचं नाव, आणि खाली, चार वाजता घेऊन जाईन. घागरीवर. नवरीचा बाप आला, वाचलं, आणि पायरीवर बसूनच राह्यला. मला वाटलं आता ह्यो मारतोय. तर म्हणला, बाई, ही घागर लेक सासरी नेणार, तिची सासू रोज पाणी भरताना वाचणार, चार वाजता घेऊन जाईन. शेठ हसले न्हाईत, त्याला दुसरी घागर दिली आणि मला म्हणले, आता वाचायला शीक. भांडी गुंडाळायची रद्दी आणि समोरच्या दुकानांच्या पाट्या, त्याच्यावर शिकले मी. अडलं की वरच्या मजल्यावरच्या युनूसभाई टेलरला हाक मारायची, त्यो मशीनवरनं न उठता वरनंच अक्षर वरडून सांगायचा, सगळ्या पेठेला कळायचं मावशी कुठं अडली.

अशी चाळीस वर्षं गेली. थोरले शेठ गेले, त्यांचा अजित गादीवर बसला, ती सगळी इमारत त्याच्याच नावावर. खाली सहा दुकानं, वर युनूसभाई आणि दोन-तीन हापिसं, लाकडी जिना. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत फुगली, पालिकेनं नोटीस चिकटवली की इमारत धोकादायक हाय. मग अजितनं बिल्डरला विकली. सगळ्यांना एकेकाला भेटून सांगितलं, मान खाली घालून. जे भाडेकरू त्यांना नव्या इमारतीत गाळे, तसा करारनामा झाला. मी भाडेकरू न्हवं, मला काय दुःख न्हवतं त्याचं, खरंच सांगते.

पण मग बिल्डरचा वकील माझ्यासाठी पण कागद घेऊन आला. मशीन बंद केलं, चष्मा पुसला, वाचायला लागले. त्यो म्हणला, आजी, खाली सही करा, वाचायचं काय काम न्हाई, सगळ्यांचं सारखंच असतंय. मी म्हणलं, न वाचता लिहायचं मी एका घागरीवर सोडलं. कागदात व्हतं, सदर जागेवर माझा कसलाही हक्क नाही. कबूल. पुढं व्हतं, सदर जागेशी माझा कसलाही संबंध नाही व पूर्वीही नव्हता. तिथं मी थांबले. म्हणलं हे काढा. हक्क न्हाई असं शंभरदा लिहून देते, पण संबंध नव्हता असं कसं लिहू? मी इथं चाळीस वर्षं बसून नावं घातली, तेवढं लिहा, मग सही.

वकील अजितला माझ्यादेखतच म्हणला, शेठ, हे लिवलं की संपलं, उद्या बाई हाच कागद घेऊन कोर्टात उभी राहील, काम दहा वर्षं अडंल. माझ्या सहीवाचून चार दिवस सगळं थांबलं. युनूसभाई खाली उतरून आला, म्हणला, सही करू नकोस गं, मी साक्ष देतो, तुझा पण गाळा निघंल. मी म्हणलं, आणि तवर भिंत कुणाच्या डोक्यावर पडंल, तुझ्याच की. आणि जी जागा माझी न्हवं ती माझी म्हणायला मला कोर्टात उभं करतोस व्हय? त्यो म्हणला, तू लय हट्टी.

पाचव्या दिवशी अजित आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. कधी बसला न्हवता असा. म्हणला, मावशी, मी लिहून दिलं आणि उद्या तुझ्या जावयानं दावा लावला तर? मी म्हणलं, मी हाय तवर लावू देणार न्हाई, मी गेल्यावरचं कसं सांगू? त्याला खोटा धीर द्यायला मला जमलं न्हाई. त्यो उठला. मग वकिलाला तुमचा कागद नको म्हणला आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिवलं, ह्या बाईंनी आमच्या परवानगीनं ह्या पायरीवर चाळीस वर्षं भांड्यांवर नावं घातली, जागेवर त्यांचा हक्क नाही. खाली त्याची सही, माझी सही. युनूसभाई साक्षीदार झाला, झाला पण कुरकुरत.

आता तिथं पत्रे लावल्यात. अजितनं दुकान मागच्या बोळात नेलंय, तिथं उभं राहायला जागा न्हाई, मी घरीच असते. त्यो म्हणलाय, मावशी, नव्या दुकानात तुला आत टेबल देतो, पंख्याखाली. युनूसभाई म्हणतोय, हे पण लिहून घे की, एवढी शिकलीस ती कशाला. मी न्हाई घेतलं. त्यानं भरवशावर एवढं लिहून दिलं, आता मी कुठल्या तोंडानं त्याच्याकडं कागद मागू? टेबल मिळंल न मिळंल, इमारत नीट उभी राहू दे, बांधणाऱ्यांचे हातपाय सलामत राहू देत, एवढंच मागते. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय, आणि मी सत्तरी वलांडली. डॉक्टरनं नजर टिकावी म्हणून डोळ्यात घालायला थेंब दिल्यात. सकाळ-संध्याकाळ घालते, एक दिवस चुकवत न्हाई.