कपाळावरची ओढणी

शेवंता : ठेव ते खाली. मच्छरदाणी आहे का डोक्यावर घ्याले?

दीक्षा : जाळीची ओढणी आहे, आई. लग्नाच्या साडीचा मलईचा रंग आहे ना, तोच आहे हिचा. बाजूले लावून पाहा बरं.

शेवंता : रंग घेऊन काय करू? आरपार दिसते सारं. भैया, वो जाडवाली दिखाओ. हाँ, वही, जिसपे पूरा काम है.

दीक्षा : ती चुन्यासारखी पांढरी आहे. तिच्यापुढं साडी मळकी दिसून राहिली. अन् जड किती! मान मोडते माझी.

शेवंता : साडी कोणी नाही पाहत. नवरीचं तोंड पाहतात लोकं.

दीक्षा : हं. आता आली तू मुद्द्यावर.

शेवंता : आली तर आली. ओढणी कपाळाच्या पुढं आली पाहिजे, कानशिलावरून खाली. पिना लावल्या का हलत नाही.

दीक्षा : म्हणजे माझा डाग दिसला नाही पाहिजे.

शेवंता : हळू बोल! दुकान आहे.

दीक्षा : काहून हळू? दुकानदाराले डोळे नाहीत का? केव्हाची त्याच्यासमोर बसून आहे मी. दिवसभर स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते, आई. अख्खं रायपूर माझं तोंड पाहून तिकीट घेऊन जाते. माझ्या डागानं कोणाची गाडी चुकली का?

शेवंता : खिडकीतलं तोंड वेगळं, नवरीचं वेगळं. तिकीट घेणारा तुले घरी नाही नेत.

दीक्षा : ज्याले न्यायचं आहे त्यानं पाहिलं ना! पहिल्याच भेटीत, तेलीबांध्याच्या तळ्यावर, मी स्वतः केस मागं घेऊन दाखवलं यशदीपले. म्हटलं, कोड आहे, आणखी पसरू बी शकते. तो म्हणे, मले काही फरक नाही पडत.

शेवंता : हव. म्हणे.

दीक्षा : ‘हव, म्हणे’ म्हणजे?

शेवंता : काही नाही. डोकं नको खाऊ. भैया, ये वाली पॅक करो.

दीक्षा : भैया, कुछ पॅक नहीं करना. आई, माझ्याकडं पाहा. साखरपुड्याले मेकअपवाली आली तेव्हा तूच म्हटलं होतं, पोट्टीचं तोंड लिपू नका. तेव्हा तुले डाग चालला. मधात काय झालं?

शेवंता : काही नाही झालं.

दीक्षा : बाबा बोलले काही?

शेवंता : तुझ्या बाबाले तर माहीत बी नाही.

दीक्षा : काय माहीत नाही?

शेवंता : बाई, तू पोलिसात पाहिजे होती.

दीक्षा : आई!

शेवंता : यशदीपचा फोन आला होता. म्हणे, आई, ओढणी जरा जाड घ्या, पुढं येईल अशी. लोकं काही बोलले नाही पाहिजे. अन् म्हणे, दीक्षाले सांगू नका, तिले वाईट वाटेल.

दीक्षा : यशदीप म्हणे?

शेवंता : हव.

दीक्षा : अन् तू हो म्हटलं.

शेवंता : मंग काय करू? तुले पाहाले आलेले भिलाईवाले चहा पिऊन गेले, परत फोन नाही. दुर्गवाल्यांनी तर तुझ्या लहान बहिणीलेच मागितलं. मोठी राहू द्या म्हणे. तू ड्युटीवर होती, तुले नाही सांगितलं. मी ऐकलं ते. त्यांच्या उष्ट्या कपबशा मी उचलल्या. आता एक चांगला पोट्टा आला, त्याले ओढणीपायी परत धाडू?

दीक्षा : त्यानं मले झाकाले सांगितलं, अन् तू कापड शोधून राहिली!

शेवंता : जिभेले हाड नाही तुझ्या!

दीक्षा : नाहीच. त्याले फोन लावते. स्पीकरवर. तू चूप राहा.

यशदीप : हाँ दीक्षा, बोल. मिळाली का ओढणी?

दीक्षा : दोन आहेत. एक जाळीची, एक जाड. कोणती घेऊ?

यशदीप : तुले आवडेल ती घे ना यार. मेरा क्या है.

दीक्षा : आईले काय म्हटलं होतं तू?

यशदीप : सुन ना... वैसा नहीं है.

दीक्षा : कसं आहे मंग?

यशदीप : फोटो उमरभर राहतात दीक्षा. इतकंच होतं डोक्यात.

दीक्षा : मी बी उमरभर राहीन ना रे! घरात बी ओढणी घेऊन फिरू का?

यशदीप : तू गुस्से में है. शाम को बात करते हैं. मी ऑफिसात आहे.

शेवंता : दे इकडं तो फोन. यशदीप, मी बोलून राहिली. पंडरीच्या बाजारात आहो आम्ही, साड्या घेतल्या त्याच दुकानात. ये इथं. संध्याकाळी नाही, आत्ता.

यशदीप : आई, आप भी? तुम्हीच तर हो म्हटलं होतं.

शेवंता : म्हटलं होतं! मले वाटलं, कोणी काही बोललं तर पोरीचं मन दुखेल म्हणून सांगून राहिला. तू तर फोटोसाठी म्हणतो! पोरगी देऊन राहिलो आम्ही तुले. ये म्हटलं ना!

(थोड्या वेळानं यशदीप दुकानात येतो.)

यशदीप : जयभीम, आई.

शेवंता : जयभीम. तिच्याशी बोल.

यशदीप : दीक्षा, जाळीची घे. खरंच. सॉरी.

दीक्षा : ओढणीचं मी पाहून घेईन. तू काहून म्हटलं ते सांग. फोटोचं नको सांगू.

यशदीप : साखरपुड्याचे फोटो ऑफिसात दाखवून राहिलो होतो. पराग भैयानं मोबाईल घेतला, तुझं तोंड मोठं करून पाहिलं. सबके सामने पूछा, ये लगता तो नहीं ना? म्हणे, तुले होईल, उद्या पोराले होईल.

दीक्षा : कोड एकाचं दुसऱ्याले नाही लागत. डॉक्टरनं तुले समोर बसवून सांगितलं होतं.

यशदीप : हो.

दीक्षा : मंग तू काय म्हटलं?

यशदीप : काही नाही.

दीक्षा : काहीच नाही?

यशदीप : हसलो. मोबाईल खिशात ठेवला.

दीक्षा : हसला! शाळेत माझ्या डब्यातलं कोणी खात नव्हतं यशदीप. पोट्ट्या बेंच सरकवून बसत. मले हसू नाही आलं कधी. तुले एका माणसानं एकदा विचारलं, अन् तू हसला?

यशदीप : सुचलं नाही यार. मंग वाटलं, लग्नात दिसलंच नाही, तर कोणी विचारणारच नाही.

दीक्षा : लग्नात नाही दिसणार. अन् दुसऱ्या दिवशी? विहारात, बाजारात, पोराच्या शाळेत? दर वेळी हसशील?

यशदीप : नाही.

दीक्षा : मले नको सांगू. त्याले सांग.

यशदीप : सांगतो. उद्या ऑफिसात गेलो का...

दीक्षा : आत्ता. इथून.

यशदीप : दीक्षा, सब देख रहे हैं.

दीक्षा : त्यानं बी सगळ्यांसमोरच विचारलं होतं.

शेवंता : बाई, आला ना तो इतक्या लांबून. जास्त ताणू नको.

दीक्षा : आई, तू मधात पडू नको. यानं फोन नाही लावला तर ओढणी घ्यायचं कामच नाही. जाळीची नाही, जाड नाही. मी घरी चालली.

यशदीप : थांब. लावून राहिलो ना... हॅलो, पराग भैया? यशदीप बोल रहा हूँ. नहीं, ऑफिस का काम नहीं है. वो उस दिन आपने दीक्षा का फोटो देख के पूछा था ना...

शेवंता : भैया, पंखा बंद करो जरा. पोट्टा बोलून राहिला.