कळंबच्या बाजारातली सराई पाडताना

मी, धुळाप्पा सिद्धाराम दूधभाते, वय ४२ वर्षे, धंदा जेसीबी चालक, रा. सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी व मुलीसह राहतो. माझी स्वतःची जेसीबी असून जुनी बांधकामे पाडण्याची कामे करतो. कळंब येथील ठेकेदार रणधीर लोमटे हे मला कामावर बोलावतात. मागील वर्षी कळंबच्या बाजारातील वेस त्यांच्या सांगण्यावरून मीच पाडली.

सोमवारी दुपारी मी मशीन घेऊन बाजारातील जुन्या दगडी सराईसमोर आलो. सराई निजामाच्या काळातली आहे. ती पाडून तेथे दुकानगाळे बांधायचे आहेत, असे रणधीर यांनी मला सांगितले होते. एका खोलीत गिरिजाबाई हिंगमिरे, वय अंदाजे ६५ वर्षे, यांचे बांगड्यांचे दुकान होते. बाकीच्या खोल्या रिकाम्या होत्या. गिरिजाबाईंनी मला बोलावून चहा दिला व विचारले, "वेस तूच पाडलीस न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

"आन् जुना दवाखाना?"

"त्यो दुसऱ्यानं पाडला, मावशी."

"मंजी आता बाजारात एवढीच ऱ्हायली," असे त्या म्हणाल्या. मला मुलगी आहे हे समजल्यावर त्यांनी तिच्यासाठी हिरव्या बांगड्या कागदात बांधून दिल्या. त्या मी घेतल्या.

मंगळवारी सकाळी मी कामावर आलो तेव्हा दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या. रणधीर म्हणाले, "म्हातारी लेकीकडं गेली. लाग कामाला." मी खाली उतरून फळ्या हलवून पाहिल्या. "मावशी, आत हाव का?" अशी हाक मारली. कोणी ओ दिली नाही. त्यानंतर मी मशीन सुरू केली.

भिंत चुन्यातली होती. पहिल्या ठोक्याने दगड निघाला नाही, पण आत काच फुटल्याचा आवाज आला. मी थांबलो. रणधीर म्हणाले, "बाटल्या असतील. मार." मी दुसरा ठोका मारला. भिंतीचा कोपरा आतल्या बाजूस पडला.

मला आतून आवाज आला. मशीनच्या आवाजात तो तुला कसा ऐकू आला, असे विचारल्यावरून सांगतो की, १९९३ च्या भूकंपात आमचे घर पडले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. माझी आई व बहीण दगडाखाली होत्या. तो आवाज मला ओळखू येतो.

मी मशीन बंद केली. रणधीर म्हणाले, "ती लई नाटकी हाय. बंद करू नगंस, कडंच्या बाजूनं घे." मी चावी खिशात घातली व हाताने दगड काढू लागलो. शेजारच्या दुकानदार शरणम्मा या पहार घेऊन आल्या. आम्ही दोघांनी गिरिजाबाईंना बाहेर काढले. त्यांचा डावा हात दगडाखाली होता. बाजारातील इतर लोक उभे होते. त्यांच्यापैकी कोणाची नावे मला सांगता येणार नाहीत.

गिरिजाबाईंना रिक्षातून दवाखान्यात नेताना मी विचारले, "मावशी, म्या हाक मारली तवा बोलला का न्हाय?" त्या म्हणाल्या, "बोलले आस्ते तर तू मला भाईर काढलं आस्तंस, आन् मंग सराई पाडली आस्तीस."



गिरिजाबाई आत असल्याचे रणधीर यांना अगोदर माहीत होते किंवा कसे, ते मी सांगू शकत नाही. ते जे बोलले ते वर सांगितले आहे.

मी दवाखान्यात असताना रणधीर यांनी दुसरी मशीन आणली. बुधवारी मी माझी मशीन नेण्यास गेलो तेव्हा सराई पाडून झाली होती. दर्शनी कमान तेवढी उभी आहे. तिला विजेच्या तारा बांधलेल्या आहेत.

तेथून मी दवाखान्यात गेलो. गिरिजाबाईंच्या हाताचे ऑपरेशन व्हायचे होते. त्यांनी विचारले, "सराई?" मी म्हणालो, "हाय की उभी." त्यांनी डोळे मिटले. पुन्हा विचारले नाही.

आपण जबाबासाठी त्यांच्याकडे जाणार आहात असे समजले. त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही, एवढे ध्यानात असावे, ही विनंती.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. बरोबर आहे.