भिंतीपलीकडचं भजन

जानकी : अजून एक पोतं ठोकलंत ना, तर आपण घरात राहतो की रेशनच्या गोदामात, तेच कळायचं नाही.

सहदेव : धर गं नीट. आत काथ्या, वर प्लायवूड. शेजारच्या नानांचं भजन यातच अडकणार.

जानकी : कपाट पुढे आलं, पलंग दाराला लागला. आता आडवं होऊनच घरात शिरायचं.

सहदेव : मग काय करू? रात्रपाळी करून सकाळी येतो, डोळा लागतो न लागतो तोच पलीकडे टाळ सुरू. परवा कंपनीत पॉवर प्रेससमोर डुलकी लागली. बाजूच्या धाकूनं मागे ओढलं म्हणून बोटं राहिली.

जानकी : हे सांगितलं नव्हतंत.

सहदेव : आता सांगितलं. दे ते मीटर.

जानकी : कंपनीचं ना हे?

सहदेव : सेफ्टीच्या साहेबांना विचारून आणलंय. मशीनचा आवाज मोजतात यानं. पोती लावायच्या आधी चौऱ्याहत्तर होता. आता बोलू नकोस जरा.

जानकी : मी कुठे बोलले?

सहदेव : हे काय! काटा ऐंशीवर गेला.

जानकी : म्हणजे नानांपेक्षा मीच मोठी?

सहदेव : श्श! एकाहत्तर.

जानकी : एवढ्या पोत्यांत तीनच? वाट लागली. चला, नानांकडेच जाऊ.

सहदेव : भांडायला?

जानकी : मोजायला.

(शेजारी, नानांच्या खोलीत.)

सहदेव : नाना, आवाज!

नाना : जावई? माझा कुठला जावई?

जानकी : आवाज! भजनाचा!

नाना : हां, भजन! बसा, बसा. आमच्या गावच्या गणपतीत आम्हीच म्हटलेलं, टेप केलेलं हाय. मोठं करू?

सहदेव : नको! इथं शहाण्णव दाखवतंय!

नाना : शहाण्णव? मेल्या, मला अजून सत्तर पण नाय लागली.

जानकी : अहो, यांना ऐकूच येत नाहीये. नाना, माझ्याकडे बघा. कान कधीपासून असे?

नाना : गिरणीत साचेखात्यात एकतीस वर्षं काढली, पोरी. शेकडो माग एकदम चालायचे, आम्ही खुणांनी बोलायचो. संपात गिरणी बंद पडली, सगळं शांत झालं. तेव्हा कळलं, कान आधीच बंद झालेत.

सहदेव : जानकी, टेप कुठे ठेवलाय बघ! आपल्याच भिंतीत ठोकलेल्या फळीवर. अख्खी भिंत वाजतेय, आणि पलीकडे माझी उशी!

जानकी : मग उतरवा ना. स्टुलावर ठेवा, नानांच्या कानाशी. खाली गोधडी घाला घडी करून. आता बारीक करा. अजून.

सहदेव : नाना, येतंय ऐकू?

नाना : येतंय की! अरे, यात चिपळ्या पण हायत?

सहदेव : जानकी, तू मीटर घेऊन आपल्या खोलीत जा. काटा बघून ये.

जानकी : (जाऊन परत येत) बघितला. पन्नास. तोसुद्धा खालच्या पिठाच्या चक्कीचा असेल.

सहदेव : झकास! आज झोपतो बघ मी.

नाना : थांबा, थांबा. हा मधेच कोण रेकतोय?

सहदेव : कोण?

नाना : हा रे. सगळे एका सुरात, हा भलतीकडेच.

जानकी : नाना, ते तुम्हीच आहात.

नाना : मी?

सहदेव : जाऊ द्या नाना, टेप जुना झालाय.

नाना : टेपचं काय घेऊन बसलास. माझी बायको, सुंदरा, होती तेव्हा दर गणपतीला अगदी पुढ्यात बसायची. मान डोलवायची रे. मी बेसूर गातो म्हणून कधी बोलली नाय.