पापणीवरची रेघ

मेकअपच्या परीक्षेसाठी मी दाराबाहेर थांबले होते. शेजारच्या बाकावर बाप-लेक.

"मैत्रीण येत नाहीये, बाबा. मॉडेल नाही तर परीक्षा नाही."

"मग मी कशाला आहे? घरी चार महिने कुणाच्या डोळ्यांवर गिरवलंस?"

"घरी दार लावलेलं असायचं. इथे सगळ्यांसमोर मोरपंखी डोळे करून बसाल?"

"बसेन. नखांवर ती बारीक फुलंही काढ."

"लोक हसतील."

"हसू देत. तुझा हात हलायला नको."

"तुमची पापणी सैल आहे. ताणून धरलेली सोडली की रेघ मोडते."

"काल कुठे मोडली?"

"...नाही मोडली."

दार उघडलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "पुढची कोण? मॉडेल कुठाय?"

"हे माझे बाबा. मिशी सोडून सगळं रंगवणार आहे."