स्वेल्यांच्या रांगेत

फेरीबोट धक्क्यावरून सुटली तसा हाल्वोर कठड्याजवळच्या बाकावर टेकला. शेजारी एक तरुण बाई बाबागाडीची दांडी घट्ट धरून उभी होती. तिची आई तिला अगदी खेटून.

“यूनी, गाडी मी धरते. तू बस जरा.”

“नाही आई. उपचारातला आजचा धडा हाच आहे. मी कठड्याशी उभं राहायचं आणि तू आत जाऊन स्वेले आणायचे.”

“तुला एकटीला सोडून?”

“मला बाळापाशी सोडून. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, नको तो विचार येणारच. येऊ दे. त्याच्याशी भांडायचं नाही आणि पळायचंही नाही.”

“आलाय का गं आत्ता?”

“धक्क्यावरच आला. म्हणतोय, बाळाला उचल आणि दे पाण्यात टाकून. आई, मी नाही ना गं टाकणार त्याला?”

म्हातारीने पर्समधून पैसे काढले.

“याचं उत्तर द्यायचं नाही, असं मलाही बजावलंय त्यांनी. स्वेल्यावर लोणी, की तपकिरी चीज?”

“...दोन्ही लाव.”

आत बोटीच्या उपाहारगृहात तव्यावरून गरम स्वेले, म्हणजे जाडसर गोड धिरडी, उतरत होते आणि रांग वाढत होती. हाल्वोर म्हातारीच्या आधी पोचला होता. तो बाजूला सरकला.

“मावशी, तुम्ही व्हा पुढे. बाहेर लेक वाट बघत असेल.”

“नको रे बाबा,” दाराकडे पाठ करून ती म्हणाली. “बघू दे तिला वाट. तूच घे आधी. मागून जे येतील त्यांनाही मी पुढे सोडणार आहे.”