भिंतीतली घूस

मंडळी, सावरून बसा! टाळवाले, जरा दम खा. शेवट आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरी जायची घाई असेल त्यांची सोय होईल. अलीशाने वाजवलं! भर रस्त्यात, अख्ख्या गल्लीसमोर, आपल्या प्रभूचं गीत वाजवलं – आणि रंगनाथकाकांनी ते डोळे मिटून शांतपणे ऐकलं!

काय? टाळ्या? थांबा. मी असं काही बोललोच नाही. अजून काही घडलेलं नाही. कोण अलीशा? कुठले काका? विसरा बरं!

आता प्रश्न ऐका. देवाने देणगी दिली, माणसाने ती झाकून ठेवली, तर ती कुणाकडून चोरली? देवाकडून? का शेजाऱ्याकडून?

अलीशा भिंगारदिवे शेवगावच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. आणि कसं वाजवायचा! नवरदेवाची घोडी ताल धरायची. वरातीत सिनेमाची गाणी, मिरवणुकीत आरत्या – ज्याचा कार्यक्रम, त्याचं गाणं. स्वतःचं गाणं मात्र? बापाने एक शिकवलं होतं. मेंढपाळाचं. अंधाऱ्या दरीतही जो सोबत चालतो, त्याचं. ते बाहेर वाजवायचं नाही!

का? तर अख्ख्या गल्लीत ख्रिस्ती घर एकच – याचं. लोक काय म्हणतील? ‘वाजवता वाजवता बाटवतोय’ म्हणतील! मग लग्नाला कोण बोलावणार?

पण गाणं पोटात राहीना! म्हणून दिवेलागणीला हा बहाद्दर दारं लावायचा, क्लॅरोनेटच्या कर्ण्यात गोणपाटाचा बोळा कोंबायचा, डोक्यावरून गोधडी घ्यायचा आणि आत बसून देवाची स्तुती करायचा. मे महिन्यातसुद्धा! घामाने निथळत! प्रभू म्हणाला, दिवा मापाखाली ठेवू नका. आम्ही आज्ञाधारक! आम्ही मापाखाली नाही ठेवला – गोधडीखाली ठेवला!

देवाने दिधला दिवा हाती, वरि मी टाकिली गोधडी ।
अंधार पडला म्हणोनि आता मीच मारितो ओरडी ॥

त्याची बायको म्हणायची, “अहो, गुदमराल की!”

“हळू बोल,” गोधडी म्हणायची.

भिंतीपलीकडे रंगनाथकाका क्षीरसागर. गुळाचे जुने व्यापारी, म्हातारे, एकटे. बायको गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मुलगा पुण्याला. एका संध्याकाळी भिंतीतून आवाज आला – ऊं ऊं ऊंऽऽ. काकांना वाटलं, जनावर अडकलंय! दयाळू माणूस. जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरने भिंतीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, “जनावर आजारी नाही. सुरात आहे.”

हसा, हसा. पुढे हसायला जागा कमी आहे.

दुसऱ्या सकाळी काकांनी अलीशाला ओट्यावर गाठलं. “लेका, भिंतीत काय आहे रे? काय का असेना, गोड रडतं. ते सुरू झालं की मला झोप लागते. तुझी काकू गेल्यापासून पहिल्यांदा!”

मंडळी, दार उघडं होतं! म्हातारा स्वतःहून विचारत होता! एवढंच म्हणायचं होतं – काका, तो मी. अलीशाने तोंड उघडलं. आणि म्हणाला,

“घूस असेल, काका.”

घूस! प्रभूला पकडलं, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र घाबरला, पण त्याने निदान ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हटलं. त्याला घूस नाही म्हटलं!

आणि झालं काय? आपण पकडले जाऊ, या भीतीने त्याने वाजवणंच बंद केलं. भिंत गप्प. काकांची झोप पुन्हा गेली. जेवण सुटलं. खाटेला खिळले. अलीशाची बायको पेज घेऊन जायची. एका दुपारी ती नवऱ्यालाही ओढत घेऊन गेली.

काका पुटपुटले, “अलीशा, ती घूस मेली का रे?”

“नाही… म्हणजे… माहीत नाही, काका.”

“त्या सुरातून कुणीतरी हाक मारायचं बघ. भिऊ नको म्हणायचं. मला भीती वाटते रे आता. कोण होतं ते? तुला ठाऊक असलं तर सांग.”

बापाचं सगळं गीत अलीशाच्या ओठांवर आलं. बायकोने कोपराने ढोसलं. तो म्हणाला, “काका, औषध घेतलंत का?”

बाहेर आल्यावर बायको पेजेचं भांडं घेऊन तरातरा पुढे निघाली. मग तोच म्हणाला, “उद्या वाजवतो. बोळा काढून. देवाशपथ!”

“उद्या कशाला? मुहूर्त काढलाय का?”

त्या उद्याची सकाळ झाली, तेव्हा काका गेले होते.

पिकलं पान, म्हणून मुलाने बँड बोलावला. म्हणाला, “बाबांना आवडेल असं काहीतरी वाजवा.” बँडमास्तरने वळून विचारलं, “काय आवडायचं रे त्यांना?” सगळे एकमेकांकडे बघू लागले. ठाऊक होतं एकालाच.

अलीशाने कर्ण्यात बोट घालून गोणपाटाचा शेवटचा धागा उपसला. आणि वाजवलं! मोकळं! गल्ली थांबली. सायकली थांबल्या. अलीशाच्या दुसऱ्या भिंतीपलीकडच्या जनाक्काने तोंडावर हात ठेवला – “अगं बाई! हे तर त्या घुशीचं गाणं!”

कुणी दगड मारला? नाही. कुणी बाटला? नाही. मुलगा डोळे पुसत एवढंच म्हणाला, “दादा, इतकं चांगलं होतं, तर आधी का नाही हो वाजवलंत?”

आणि तिरडीवर रंगनाथकाका डोळे मिटून शांतपणे ऐकत होते.

आता द्या टाळ्या! का हो? मघाशी तर दिल्या होत्या!

मंडळी, कुणाला गळा आहे, कुणाला हात, कुणाला नुसतं जवळ बसता येतं. आणि आपण म्हणतो – घूस असेल! तेव्हा उठण्याआधी एक अर्ज करू. मनातल्या मनात माझ्यामागून म्हणा.

प्रति, स्वर्गीय दरबार. विषय : एक संध्याकाळ परत मिळणेबाबत. महोदय, कैलासवासी रंगनाथ क्षीरसागर यांस एका दिवेलागणीपुरते, श्रवणशक्तीसह, त्यांच्या खाटेवर परत पाठविण्यात यावे. अर्जदार या वेळी बोळा काढून हजर राहील. सदर विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, आणि शक्यतो आजच व्हावा. कारण अर्जदारांपैकी बहुतेकांच्या भिंतीपलीकडे या क्षणीही कुणीतरी जागं आहे.