ज्या हृदयावर आम्ही सगळे शिकलो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कम्युनिटी कॉलेजचे अधिष्ठाता डॉ. रोआल्ड केल्स्टाड, व्यासपीठावरच्या आमच्या विभागप्रमुख लोर्नाबाई तियाडेन, अर्थशास्त्राचे ओसेथ सर, आज जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती डॅनिका स्कुबिच आणि तिच्या मातोश्री मार्ताबाई, खाणीतली पाळी संपवून, आणि काही जण बुडवूनही, इथे आलेले सर्व पालक, आणि हृदयाच्या सोनोग्राफीच्या वर्गातले माझे दहा सोबती,

आत्ताच अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली: 'ज्यांच्यामुळे डॅनिकाचा जीव वाचला त्या हेल्मी कांगास.' तुम्ही टाळ्या वाजवल्या. आपल्या भागात कुणी कौतुक केलं की निदान तीन वेळा 'छे, छे, मी कसलं काय केलं' असं म्हणायची रीत आहे. मी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तो माझा विनय आहे असं तुम्ही धरून चालला असतात, आणि मग पुढचं बोलणं मला जमलं नसतं.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. गावच्या वाचनालयात एकोणीस वर्षं काम केलं. तिथली नोकरी गेली तेव्हा या अभ्यासक्रमाला अर्ज केला. जागा बारा. माझ्या शेजारच्या खाटेवर तेवीस वर्षांची डॅनिका आली.

पालकांसाठी एवढं सांगते की, आम्ही शिकतो ते एकमेकांवर. एकीने कुशीवर झोपायचं, दुसरीने छातीला गार जेल लावून प्रोब फिरवायचा आणि पडद्यावर हृदय शोधायचं. माझं हृदय फुप्फुसाच्या आड लपून बसतं. दिसलं तर धुक्यातून दिसावं तसं. पहिल्याच आठवड्यात डॅनिका म्हणाली, "हेल्मी, तुझं हृदय घरी नाहीये वाटतं. मी बेल वाजवून वाजवून दमले."

सगळे हसले. मीही हसले. नंतर मी तिच्या बरगड्यांमध्ये प्रोब टेकवला आणि पडद्यावर चारही कप्पे असे उजळले, जणू कुणी दार उघडून 'या, बसा' म्हणत होतं. तुम्हाला कधी एखाद्याच्या घराचा हेवा वाटला असेल, केसांचा वाटला असेल. मला एका मुलीच्या हृदयाचा हेवा वाटला. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, तिला मिळणारी चित्रं माझ्यापेक्षा चांगली, आणि आतून दिसायलासुद्धा तीच चांगली.

हळूहळू सगळ्या वर्गाला तिच्याच खाटेची ओढ लागली. कुणाचं चित्र बरोबर आलं की नाही हे ठरवायचं तर लोर्नाबाई म्हणायच्या, "डॅनिकाच्या शेजारी धरून बघा." तिच्या हृदयाच्या छापील चित्रांची रांग प्रयोगशाळेच्या भिंतीवर लागली. नॉर्मल म्हणजे काय? तर डॅनिकासारखं. महाधमनीची झडप आम्ही नेहमी मिटलेल्या क्षणी गोठवायचो, कारण मिटलेली असताना तिच्या तीन पाकळ्यांच्या रेघा सुबक दिसतात आणि चित्र भिंतीवर लावण्याजोगं होतं. ही चूक आमच्यासारखे शिकाऊच करू शकतात. आम्ही एका मुलीला माप ठरवलं आणि मग त्या मापाला कुणीच मोजलं नाही.

ओसेथ सर, आता तुमच्याकडे येते. अर्थशास्त्राचा वर्ग मी घेतला तो खरं तर डॅनिकापासून सुटका म्हणून. विसाव्या वर्षी मला मिनियापोलिसला अर्थशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला होता. त्याच उन्हाळ्यात खाणीत वडिलांचा हात गेला, आणि जवळच्या कॉलेजात जे मिळालं ते शिकून मी मोकळी झाले. म्हणजे हा विषय माझा होता. पण सोनोग्राफीच्या मधल्या सुट्टीत मी त्याबद्दल इतकं भरभरून बोलत राहिले की एक दिवस डॅनिका म्हणाली, "मग मीही येते की." मीच तिला नेलं. तिसऱ्या आठवड्यात ती सरांशी वाद घालत होती आणि मी तिच्या मागच्या बाकावर बसून टिपणं काढत होते.

सरांना आठवत असेल, एकदा त्यांनी विचारलं होतं, "समजा, सगळ्यांना सी मिळाला आणि तुम्हाला बी. किंवा सगळ्यांना ए मिळाला आणि तुम्हाला ए मायनस. काय घ्याल?" पहिल्या पर्यायाला एकच हात वर झाला. माझा. डॅनिका मागे वळून म्हणाली, "बघा सर, हिला बी चालेल. फक्त मला सी द्या."

वर्ग खूप हसला. घरी जाऊन रोजवहीत मी लिहिलं की, ती थट्टा होती. खाली तारीख टाकली आणि मग ते वाक्य खोडलं.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी प्रात्यक्षिक परीक्षेची तालीम होती. डॅनिका माझ्या वाट्याला आली. माझ्याकडे वीस मिनिटं होती आणि हवी ती सगळी चित्रं मी नवव्या मिनिटाला काढून ठेवली होती. उरलेल्या अकरा मिनिटांत मी काय करत होते हे कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगते. मी खोट शोधत होते. एवढ्या देखण्या हृदयात काहीतरी वेडंवाकडं असलंच पाहिजे, असं मनाशी म्हणत मी प्रोब इंचाइंचाने सरकवत होते. चित्र गोठवलं नाही. झडप मिटताना पाहिली, उघडताना पाहिली, पुन्हा पाहिली. मिटताना तीन रेघा. उघडताना मात्र तीन टोकांची चांदणी नव्हती, माशाचं तोंड होतं. पाकळ्या दोनच होत्या. तिसरी रेघ म्हणजे नुसती एक वळी. आणि झडपेच्या वरची महाधमनी, जी सगळ्यांनी 'किती छान दिसते' म्हणून छापली होती, ती छान दिसत होती कारण ती फुगलेली होती.

मला आनंद झाला. हे वाक्य सौम्य करून सांगता येतं का हे मी तीन महिने बघितलं आहे. नाही येत.

"काय गं, झोप लागली की काय?" डॅनिकाने विचारलं.

"चित्र नीट येत नाहीये," मी म्हणाले.

"माझं? माझं चित्र येत नाहीये?" ती पडल्यापडल्या हसली. "मग तर तू नापासच होणार, आजीबाई."

आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात की, पडद्यावर काहीही दिसलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, रोग्याला काही सांगायचं नाही, पण शिक्षकांना लगेच सांगायचं. चेहरा मी उत्तम सांभाळला. लोर्नाबाई शेजारच्या खोलीत होत्या, मधलं दार उघडं होतं. मी गळ्यातला स्कार्फ नीट केला आणि घरी गेले. वाटलं, माझं चुकलं असेल तर सगळे म्हणतील, हेल्मीला खोट काढायचीच होती. हे कारण खरं होतं. पण पुरं खरं नव्हतं. त्या दिवशीच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'आज पहिल्यांदाच तिच्यापेक्षा मला जास्त माहीत आहे.' मला ते थोडे दिवस तसंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. अग्निशामक दलाच्या मदतीसाठी दरवर्षीप्रमाणे तळ्यावर बर्फाला भोक पाडून उड्या मारायचा कार्यक्रम होता. तुमच्यापैकी बरेच जण तिथे होतात. आमच्या वर्गाकडून डॅनिका उडी मारणार होती. तिचा टॉवेल धरायचं काम मला दिलेलं होतं, आणि मी तो धरून काठावर उभी होते. मला माहीत होतं. पुढे शल्यविशारदांनी सांगितलं की तेवढ्या फुगलेल्या महाधमनीला असा थंडीचा धक्का बसणं म्हणजे खेळ नव्हे. ते मला शनिवारी पुरतं माहीत नव्हतं. पण गोठलेल्या पाण्यात उडी मारायला नको, हे समजायला किती शिक्षण लागतं? ती उडी मारून वर आली, दात वाजत होते, टॉवेल घेताना म्हणाली, "आता तू." मी नको म्हणाले. माझ्या हृदयाला झेपणार नाही, म्हणाले.

सोमवारी सकाळी मी लोर्नाबाईंना शुक्रवारची चित्रफीत दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि "हं" म्हणाल्या. मग उठून भिंतीवरची डॅनिकाची सगळी चित्रं एकेक करून काढली. "पंधरा महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं," एवढंच बोलल्या. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढचं तुम्ही जाणता.

नंतर मी बाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी समजूत घातली, "हेव्याने का होईना, तू पाहिलंस तर खरं." बाई, तुमचा आदर ठेवून सांगते, यानेच माझी झोप उडते. येत्या सोमवारी मी रुग्णालयात रुजू होते आहे. कुणीतरी म्हातारा खाणकामगार येईल, त्याचं हृदय माझ्यासारखंच धुक्यात असेल, आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीच नसेल. त्याच्यासाठी ती अकरा मिनिटं मी कुठून आणू?

डॅनिका आता मिनियापोलिसला अर्थशास्त्र शिकायला चालली आहे. रुग्णालयात पडून तिने जे पुस्तक वाचून काढलं ते मीच नेऊन दिलं होतं. दुसरं काय न्यावं ते सुचलं नाही. परत आपल्या वर्गात येशील का, असं लोर्नाबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी आता हृदय पुष्कळ पाहिलं." मला तिचा अजूनही हेवा वाटतो. शस्त्रक्रियेतून उठलेल्या मुलीचा. एवढं होऊनही तो गेला नाही, हे लपवलं तर बाकीचं सांगण्याला काय अर्थ?

हे सारं तिने सभागृहात पहिल्यांदा ऐकणं बरं दिसलं नसतं, म्हणून सकाळीच तिला गाडीतळावर गाठून सांगितलं. तिच्या हातात आईने केलेल्या पोटित्साचं, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचं, ताट होतं. ताट खाली न ठेवता तिने सगळं ऐकलं.

"शनिवारी तुला माहीत होतं?"

"हो."

"टॉवेल धरला होतास तेव्हा?"

"हो."

तिने ताट या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाली, "भाषणात सांगणार असशील तर जेवणाआधी सांग. नंतर कुणी ऐकत नाही." आणि ताट घेऊन आत गेली.

आपल्याकडे कुणी पाय तुडवला, गाडीला गाडी घासली, तरी माणूस आधी 'असू दे' म्हणतो आणि मग बघतो काय झालं ते. डॅनिका 'असू दे' म्हणाली नाही. मी तिची ऋणी आहे.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, दोन्ही गुरुजनांचे, मार्ताबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, प्रसंगाला न शोभणारं बोलले, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपण ते पोटात घालाल याची मला खात्री आहे. एका शनिवारची क्षमा मात्र आपल्यापैकी कुणी मला देऊ नये. ती डॅनिकाची आहे, आणि तिने ती देण्याची मुळीच घाई करू नये, एवढी तिला विनंती करून मी खाली बसते.